फिरत्या वाचनालयाचा नाकभार: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार, फोंडा, गोवा

आज फर्मागुडीहून म्हार्दोळकडे उतरताना कॅरव्हॅन हातातून जाता जाता राहिली. रात्रीचे दहा वाजलेत. लक्षात आहे तोवर सगळं लिहून ठेवते.

कॅरव्हॅन बारा फुटी, एकाच ॲक्सलची, दोन चाकांची. जुनी घेतली, आतलं सगळं सामान काढलं आणि दोन्ही भिंतींना पुस्तकांचे कप्पे बसवले. सत्तरी तालुक्यातल्या ज्या वाड्यांवर बस दिवसातून दोनदाच येते, तिथल्या मुलांपर्यंत पुस्तकं न्यायची, एवढ्यासाठी हा खटाटोप. ओढायला दादाची डिझेल जीप.

आज कुंडईला पेंटरकडे न्यायची होती, बाहेरून नाव रंगवायला. दादा म्हणाला, रिकामी कशाला, भरूनच नेऊ, म्हणजे ओढून कशी येते ते कळेल. पुस्तकं मागच्या दारातून चढवली. त्यामुळे साहजिकच मागचे कप्पे आधी भरले. बॅटरीही मागे दाराशीच, कारण वायर तिथवरच पुरत होती. तेव्हा यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

उतारावर वेग साठच्या आसपास होता. एक बस आम्हाला ओलांडून गेली. तिच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि मागून कुणी जीपची शेपूट धरून डावी-उजवीकडे ओढतंय असं वाटू लागलं. पहिला हेलकावा लहान होता, दुसरा त्याहून मोठा. तिसऱ्याला आरशात कॅरव्हॅनची डावी भिंत अख्खी दिसली. दादाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ घट्ट धरलं आणि ब्रेकला हात लावला नाही. वेग पस्तिसावर आला तसे हेलकावे विरले. म्हार्दोळच्या सपाटीवर बाजूला थांबलो. दोघंही बराच वेळ गप्प होतो.

टायरची हवा पाहिली, बरोबर. चाकाच्या बेअरिंगला ढिलाई नाही. मग मी चार पावलं मागे जाऊन बाजूने पाहिलं. कॅरव्हॅनचं नाक आभाळाकडे होतं.

७ जानेवारी, मंगळवार

दोन रात्री वाचत बसले. पस्तीस वर्षं शाळेत तरफ शिकवली आणि घरच्याच गाडीची तरफ पाहिली नाही, याचं फार वाईट वाटतं.

कॅरव्हॅनचं कपलिंग (नाकाच्या टोकाची पकड) जीपच्या बॉलवर (मागच्या लोखंडी गोळ्यावर) जेवढं दाबतं, तो तिचा नाकभार. (हा शब्द आमचाच. वेल्डर ‘नाकाचं वजन’ म्हणायचा, त्याचा आम्ही नाकभार केला.) ॲक्सल हा टेकू. टेकूच्या पुढे ठेवलेली वस्तू नाक खाली दाबते, मागे ठेवलेली नाक वर उचलते. युरोपातले कॅरव्हॅनवाले भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के नाकभार ठेवतात. अमेरिकेत १० ते १५ टक्के धरतात, कारण तिथल्या मोठ्या गाड्या आणि त्यांचे हूक तेवढा भार घेण्यासाठीच बनवलेले असतात. आमचं कपलिंग पन्नास मिलिमीटर बॉलचं, युरोपीय पद्धतीचं. म्हणून ५ ते ७ टक्के हेच आमचं माप.

नाकभार कमी पडला की दोन गोष्टी होतात. जीपची मागची चाकं हलकी होऊन त्यांची पकड घटते, आणि कॅरव्हॅनला एकदा हेलकावा बसला की तो विरायला वेळ लागतो. वेग जितका जास्त तितका तो सावकाश विरतो. एका मर्यादेपलीकडे तो विरतच नाही, वाढत जातो. परवा आम्ही त्या मर्यादेवर होतो. उतारावर मागचं वजन पुढच्या गाडीला ढकलत असतं, म्हणून तिथे ही मर्यादा आणखी लवकर गाठली जाते.

वेग वाढवला की हेलकावा सरळ होतो, असं परवा पेट्रोल पंपावर एकाने दादाला ठासून सांगितलं. हे खोटं आहे आणि जीवघेणं आहे. दादाला आपसूक सुचलं तेच बरोबर होतं: पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, हेलकाव्याच्या उलट वळवण्याचा मोह आवरायचा, आणि ब्रेक लावायचा तो कॅरव्हॅन सरळ झाल्यावर.

वरची मर्यादाही तपासली. कपलिंगच्या डोक्यावर १०० किलोचा शिक्का आहे, जीपच्या टोबारच्या (बॉल धरणाऱ्या मागच्या दांड्याच्या) पट्टीवर ७५ किलोचा. दोन्हींतला लहान आकडा आपला. ७५ ओलांडायचे नाहीत.

१२ जानेवारी, रविवार

उसगावच्या बाजूला खाणीच्या ट्रकांसाठी बसवलेला वजनकाटा आहे, तिथे गेलो. रस्त्याच्या कडेकडेने, तिसाच्या वर वेग न नेता. पाण्याचा कॅन धरून भरलेल्या कॅरव्हॅनचं वजन ९४० किलो. पुस्तकं, बॅटरी, कॅन सगळं काढून दुसऱ्या खेपेला रिकामी तोलली, ५६० किलो.

दादाची कल्पना अशी: जीपला जोडलेली आणि सोडलेली अशी दोनदा तोलायची, फरक म्हणजे नाकभार. करून पाहिलं. एकदा ९४०, एकदा ९३०. पण तो काटा दहा दहा किलोंच्या टप्प्यानेच आकडा दाखवतो. त्यात थोड्या किलोंचा नाकभार शोधणं म्हणजे धान्याच्या पोत्यांच्या तराजूवर केशर तोलणं. एकूण वजनाला हा काटा उत्तम, नाकाला निरुपयोगी.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

काटा मिळाला. वहिनीच्या ओळखीचे एक काजूबिया खरेदी करणारे व्यापारी आहेत. त्यांच्याकडे पोती तोलायचा प्लॅटफॉर्म काटा आहे, ३०० किलोंचा, पन्नास ग्रॅमपर्यंत दाखवणारा. म्हणाले, “हंगाम सुरू झाला की मागू नका हां, तोवर खुशाल न्या.” तिळगूळ देऊन काटा घेऊन आले.

घरचा पायाने उभं राहायचा काटासुद्धा चालतो, त्यावर १२०-१३० किलोंपर्यंत कळतं. पण कपलिंग ठेवताना हा मोठा काटा डगमगत नाही.

१९ जानेवारी, रविवार

आजचा दिवस मोलाचा गेला. सविस्तर लिहिते.

अंगणातली फरशीची जागा निवडली, पाणसळीने सपाट तपासली. दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचरी. काट्यावर जाड प्लायवूड, प्लायवूडवर फणसाच्या लाकडाचा ठोकळा. ठोकळ्याची उंची अशी कापून घेतली की कपलिंग टेकल्यावर कॅरव्हॅन तंतोतंत आडवी राहावी. मग जॉकी व्हील (नाकाखालचं आधाराचं लहान चाक) पूर्ण वर घेतलं. ते जमिनीला जरा जरी टेकलं तर भार त्याच्यावर जातो आणि काटा कमी दाखवतो. आत कुणी नाही ना ते पाहिलं, कॅरव्हॅनला एक हलका हेलकावा देऊन स्प्रिंगचे पाटे बसू दिले. तीनदा उचलून तीनदा ठेवली.

पाच तारखेला होतं तसंच सगळं सामान, त्याच जागी. १५.२ किलो.

९४० किलोंवर १५ म्हणजे दीड टक्क्यापेक्षा थोडं जास्त. हवे होते ४७ ते ६६.

मग वेल्डरने एक प्रश्न विचारला. तो माझा विद्यार्थी, आठवीत शेवटच्या बाकावर बसायचा. म्हणाला, “बाई, पण रस्त्यावर ती आडवी कुठे होती? जीपचा बॉल किती उंच आहे, तुम्ही मापलंत का?” मापला. आडव्या कॅरव्हॅनचं कपलिंग जमिनीपासून ४१ सेंटिमीटर, जीपचा बॉल ५७ सेंटिमीटर. सोळा सेंटिमीटर वर. दुसरा ठोकळा कापला, नाक तेवढं उचलून पुन्हा तोललं.

५.१ किलो.

आम्ही तिघंही काट्याकडे बघत राहिलो. साडेनऊशे किलोंचं धूड जीपला पाच किलोंनी धरून उतारावर चाललं होतं. नारळाच्या लहान पोत्याएवढं वजन नाही ते.

असं का होतं ते त्याला खडूने फरशीवर काढून दाखवलं. कॅरव्हॅनचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या बराच वर आहे. नाक उचललं की वर असलेला हा बिंदू मागे कलतो, जसं पाण्याने भरलेली कळशी डोक्यावर घेतलेल्या बाईने मान मागे केली की कळशी मागे जाते. ॲक्सलपासून बॉलपर्यंत तीन मीटर, त्यात सोळा सेंटिमीटर चढ. दोन आकड्यांतल्या फरकावरून उलटं गणित केलं तर गुरुत्वमध्य ॲक्सलच्या ६० सेंटिमीटर वर निघतो. म्हणजे पुस्तकं फार वरच्या कप्प्यांत आहेत, हेही त्याच काट्याने सांगितलं.

नाकभार बॉल ज्या उंचीवर असतो त्याच उंचीवर तोलायचा. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

२१ जानेवारी, मंगळवार

वस्तूंचा हिशेब. प्रत्येक वस्तूचं वजन गुणिले ॲक्सलपासूनचं अंतर, पुढे असेल तर अधिक, मागे असेल तर उणे. सगळ्यांची बेरीज, भागिले तीन मीटर. येणारा आकडा म्हणजे नाकभार.

रिकामी कॅरव्हॅन: नाकावर ३८ किलो (काट्यावर पाहिले), म्हणजे ११४.
पुस्तकं ३०० किलो, सरासरी ॲक्सलच्या मागे १० सेंटिमीटर: उणे ३०.
इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी ५८ किलो, मागे १.३ मीटर: उणे ७५.
पाण्याचा वीस लिटरचा कॅन भरून २१ किलो, पुढे १.६ मीटर: ३४.

बेरीज ४३, भागिले ३, चौदा किलो आणि थोडं. काटा म्हणाला होता १५. वहीतलं गणित आणि अंगणातला काटा एवढे जवळ आले याचा मला झालेला आनंद दादाला समजला नाही, वेल्डरला समजला.

तीनशे किलो पुस्तकं ॲक्सलच्या जरा मागे आहेत, तरी त्यांनी फक्त दहा किलो खाल्ले. एकट्या बॅटरीने पंचवीस खाल्ले. अंतर वजनाइतकंच बोलतं.

२६ जानेवारी, रविवार

बॅटरी हलवायची हे ठरलं. कुठे, यावर वाद झाला.

दादाचं म्हणणं सरळ होतं: बॅटरी राहू दे मागे, पुढे नाकाच्या त्रिकोणी सांगाड्यावर वाळूची दोन पोती टाकू, नाक आपोआप खाली बसेल. काट्यावर आकडाही बरोबर येईल. येईलच. पण तरीही ते चूक आहे.

खांद्यावर कावड घेऊन चालणारा माणूस आठवा. दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी. दोन्हीकडे वजन सारखं, तोल अगदी बरोबर. पण त्याला गर्रकन वळायला सांगा. कावड आधी वळत नाही, आणि एकदा वळू लागली की थांबत नाही. तेच वजन पाठुंगळी घेतलं असतं तर तो पटकन वळून पटकन थांबला असता. कॅरव्हॅनची दोन टोकं जड असली की तिची कावड होते. नाकभार बरोबर दिसतो, आणि हेलकावा एकदा बसला की थांबवायला जास्त जोर लागतो.

आकड्यात सांगायचं तर इथे अंतराचा वर्ग येतो. ५८ किलोंची बॅटरी १.३ मीटरवर ठेवली तर ५८ × १.३ × १.३, म्हणजे ९८. तीच ॲक्सलपासून वीस सेंटिमीटरवर ठेवली तर सव्वादोनच्या थोडं वर. जमीन-अस्मानाचा फरक.

दादा ऐकून घेतो, पण पटल्याशिवाय हलत नाही. शेवटी वहिनीने कपडे वाळत घालायची काठी आणून त्याच्या हातात दिली, दोन्ही टोकांना पाण्याच्या बाटल्या बांधून. फिरवून पाहिली. मग बाटल्या मध्ये सरकवून फिरवून पाहिली. “बरं, गो,” म्हणाला, आणि बॅटरीचे नट सोडायला गेला.

बॅटरी आता बाकाखाली, ॲक्सलच्या पुढे २० सेंटिमीटर, जमिनीलगत, लोखंडी चौकटीत पट्ट्याने आवळलेली. नवी जाड वायर आणि फ्यूज. आडव्या स्थितीत नाकभार ४४ किलो.

२ फेब्रुवारी, रविवार

बॉल खाली आणला. टोबारला उतरती पट्टी बसवली, सोळा सेंटिमीटर खाली. वेल्डर घरीच वेल्डिंग करून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. त्याच्या हातावर विश्वास आहे, पण या जागेला मापाने तपासलेली तयार पट्टीच हवी. बोल्ट ८.८ शिक्क्याचे, म्हणजे जास्त मजबुतीचे, टॉर्क पान्याने आवळलेले. सुरक्षा साखळी वेगळी, ब्रेकची तुटतार वेगळी. तुटतार म्हणजे कॅरव्हॅन सुटली तर ओढली जाऊन तिचे ब्रेक लावणारी बारीक केबल. ती साखळीला नाही, जीपच्या पक्क्या भागाला अडकवायची.

५ ते ८ फेब्रुवारी

पुस्तकं नव्याने लावली. चार संध्याकाळी गेल्या, पण मला हे काम फार आवडलं.

काट्यावर तोलून पाहिलं. साध्या कादंबऱ्यांची एक फूट रांग सहा किलोंच्या आसपास. दिवाळी अंकांची तेवढीच रांग साडेआठ, कारण कागद गुळगुळीत, चिकणमातीचा थर दिलेला. कोशांचे खंड त्याहून जड. वाचणाऱ्याला हे कधी जाणवत नाही, उचलणाऱ्याला जाणवतं.

कोश आणि बांधीव दिवाळी अंक सगळ्यात खालच्या कप्प्यात, ॲक्सलच्या वर आणि जरा पुढे. कविता आणि पातळ नाटकं वर. मुलांची पुस्तकं पुढच्या भिंतीशी, उजेडात, त्यांच्या हाताला येतील अशी. मागचा दाराजवळचा कप्पा रिकामा ठेवला, तिथे चटया. डाव्या आणि उजव्या भिंतीवर वजन सारखं राहील असं मोजून लावलं. प्रत्येक कप्प्याला आडवी पट्टी, नाहीतर पहिल्याच वळणावर सगळं खाली.

आडवी, बॉलच्या उंचीवर, तीन वेळा: ५८.४, ५८.८, ५८.६. सव्वासहा टक्के.

९ फेब्रुवारी, रविवार

जास्त नाकभार झाला तर काय होतं तेही पाहून ठेवावं म्हणून कोशांचे काही खंड मुद्दाम पुढे नेले. काटा ७२. मर्यादेच्या आत, पण काठावर. जीपला जोडली. संध्याकाळी दिवे लावून पाच मीटरवरच्या भिंतीवर खूण केली. नुसत्या जीपच्या खुणेपेक्षा प्रकाश पाच सेंटिमीटर वर गेला. पन्नास मीटरवर तो जवळजवळ अर्धा मीटर वर जाईल, म्हणजे समोरच्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत.

हूक मागच्या चाकांच्याही मागे असतो, म्हणून इथेही तरफ आहे. जीपच्या दोन ॲक्सलांत २.७ मीटर, मागच्या ॲक्सलपासून बॉल १.१ मीटर. बॉलवर ७५ किलो टाकले तर मागच्या चाकांवर ७५ नाही, १०५ किलो वाढतात, आणि पुढच्या चाकांवरचे ३० उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं, वळणावर गाडी बाहेर पडू बघते. आणि हा भार जीपच्या सामानाच्या हिशेबातही धरावा लागतो, मागे दोन माणसं बसली तर तेवढं कमी.

खंड परत जागेवर.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहाटे साडेपाचला, रस्ता मोकळा असताना, तोच फर्मागुडीचा उतार. चाळीसने एकदा, पन्नासने एकदा. मी जीपच्या मागच्या खिडकीतून बघत होते. दुसऱ्या खेपेला एक ट्रक ओलांडून गेला. कॅरव्हॅन एकदा हलली, जीपच्या रेषेत परत आली, संपलं.

दादाने म्हार्दोळला त्याच जागी गाडी लावली आणि चहा मागवला. त्याने स्वतःच ठरवलं: पन्नासच्या वर कधी नाही, उतारावर चाळीस, आणि उतार लागण्याआधीच खालचा गिअर.

२ मार्च, रविवार

पहिली फेरी, वाळपईच्या पुढच्या तीन वाड्या. निघताना काट्यावर ५८.५.

मुलं आधी लांब उभी होती. मग एक लहान मुलगी पायरीवर चढली आणि बाकीची तिच्या मागोमाग आत शिरली. बासष्ट पुस्तकं गेली, त्यातली बहुतेक मुलांचीच. एका आजीबाईंनी दिवाळी अंक मागितला, मोठ्या अक्षरातला. पुढच्या वेळी बघून ठेवायचा.

येताना उसगावच्या अलीकडच्या उतारावर दादा म्हणाला, “आज मागे काहीतरी वेगळं आहे.” हेलकावा नव्हता, पण कॅरव्हॅन जरा उथळ चालत होती. त्याने वेग तीसवर ठेवला. थकलो होतो, तरी घरी पोचल्यावर आधी काटा लावला.

४२.

३ मार्च, सोमवार

काल रात्री झोप आली नाही. सकाळी हिशेब केला.

ती बासष्ट पुस्तकं, साधारण तेरा किलो, ॲक्सलच्या पुढे १.४ मीटरवरून उतरली. नाकावरचे सहा किलो गेले. वीस लिटर पाणी मुलांनी पिऊन संपवलं, ते १.६ मीटरवर होतं, जवळजवळ अकरा गेले. एकूण सतरा. वजन उरलं ९०७, त्यावर ४२ म्हणजे ४.६ टक्के. पाचाच्या खाली.

महिनाभर खपून जो आकडा बसवला, तो एका दुपारी मुलांनी वाचून आणि पिऊन हलवला. म्हणजे सकाळी आकडा बरोबर येणं पुरेसं नव्हतं. परत येतानाही तो बरोबर राहील अशी मांडणी हवी.

१६ मार्च, रविवार

वेल्डर शिगम्याच्या चित्ररथांत अडकला आहे. दिवसरात्र काम. त्याला त्रास द्यायचा नाही. तोवर मी कागदावर कप्पे हलवते आहे.

काजूचा हंगाम सुरू झाला, मोठा काटा परत केला. आता घरचा पायाचा काटा. परत करण्याआधी दोन्ही काट्यांवर तोच ठोकळा आणि तेच कपलिंग तोलून पाहिलं होतं, घरचा ८०० ग्रॅम जास्त दाखवतो. ठोकळ्यावर तसं लिहून ठेवलं आहे.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

नवी मांडणी. सूत्र एकच: जे रस्त्यात कमी-जास्त होतं ते ॲक्सलजवळ, जे कधी हलत नाही ते पुढे.

मुलांची पुस्तकं (४५ किलो) पुढच्या भिंतीवरून मध्यावर, ॲक्सलच्या पुढे ३० सेंटिमीटर. यामुळे नाकावरून साडेसोळा किलो कमी. पाण्याचा कॅन बॅटरीशेजारी, ॲक्सलपासून दहा सेंटिमीटर, आणखी साडेदहा कमी. आणि कोश, ज्ञानेश्वरीच्या जाड टीका, इतिहासाचे खंड, म्हणजे बसून वाचायची, घरी न न्यायची पुस्तकं (७० किलो), ॲक्सलवरून पुढे १.१ मीटरवर, तळाच्या कप्प्यात. ही साडेपंचवीस वाढ.

कावडीचं भान ठेवून तपासलं. पुढे जड खंड गेले तरी तिथून मुलांची पुस्तकं उठली, त्यामुळे टोकाचा जडपणा वाढला नाही. वेल्डरने सकाळी गुढी उभारून लगेच येऊन नवा कप्पा बसवला. पुरणपोळी इथेच जेवला.

काटा ५७.

मुलांना आता पुस्तकं शोधायला आत दोन पावलं जास्त चालावं लागेल. उजेड कमी पडतो म्हणून तिथे एक दिवा वाढवला.

६ एप्रिल, रविवार

दुसरी फेरी. निघताना ५७. बासष्टपैकी अठ्ठेचाळीस पुस्तकं परत आली, सत्तर नवी गेली. पाणी संपलं.

घरी आल्यावर ५६.

दोनदा तोललं. दादाही येऊन बघून गेला.

२७ एप्रिल, रविवार

निघण्याआधीची सवय आता बसली आहे, वीस मिनिटं लागतात. सपाट फरशी, पाचरी, ठोकळा, जॉकी व्हील वर, आकडा वहीत. मग कपलिंग बॉलवर, हँडल खाली पडलं का ते बघणं, आणि जॉकी व्हीलने नाक उचलून जीपची शेपूटही सोबत उचलली जाते का ते पाहणं. ती उचलली गेली म्हणजे कपलिंगने बॉल नीट पकडला आहे. साखळी, तुटतार, दिवे, टायरची हवा.

आज ५७.५. अर्धा किलो कुठून वाढला म्हणून शोधलं. आजीबाईंसाठी मोठ्या अक्षरातले चार दिवाळी अंक वहिनीने पुढच्या कप्प्यात ठेवले होते.

११ मे, रविवार

पावसाआधीची शेवटची फेरी. जूनपासून बंद, लाल मातीच्या मऊ कडेवर एक चाक रुतलं तरी सगळं फुकट. निघताना ५७, येताना ५५.८. सगळी पुस्तकं परत घेतली नाहीत. पावसाळ्यात मुलांकडे राहू दे म्हटलं. मग हिशेब उलटा केला: पुढच्या फेरीला, चतुर्थीनंतर, साधारण नव्वद पुस्तकं एकदम परत येतील, वीस-बावीस किलो. ती मागच्या रिकाम्या कप्प्यात टाकण्याची पाळी येऊ नये म्हणून मध्यावर बाकाशेजारी एक प्लास्टिकचा क्रेट पट्ट्याने बांधून ठेवला, त्यावर रंगाने लिहिलं: परत आलेली पुस्तकं इथेच.